आमच्या घरात ‘पडून’ या शब्दाला बंदी

बाबा मे महिन्यात न्हाणीच्या पायरीवर घसरले आणि त्यांचा उजवा खुबा मोडला. इस्पितळात शस्त्रक्रिया झाली, आत कांब बसवली गेली आणि आठव्या दिवशी त्यांना नार्व्याला घरी आणलं. निघण्यापूर्वी डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं, “हाड जुळेल, त्याची काळजी करू नका. पण दीड महिन्याच्या आत ते उठून चालायला लागले नाहीत, तर पुढे चालतील असं मी म्हणणार नाही.” त्यांनी व्यायामांची चित्रं असलेला एक कागदही दिला. चित्रातला माणूस सडपातळ होता आणि हसत होता. बाबा यांतलं काहीच नव्हते.

दुसऱ्या दिवशी पेडण्याहून आत्याचा फोन आला. भाऊ कसा आहे, असं तिने विचारलं. मी कुकरच्या शिट्या मोजत होते. म्हटलं, “पडून आहेत.”

तो शब्द या घरात मीच पहिल्यांदा आणला, हे आधी कबूल केलेलं बरं. संध्याकाळपर्यंत तो आत्याकडून पेडण्यात, पेडण्याहून डिचोलीत आणि डिचोलीहून परत आमच्या वाड्यावर आला. शेजारीण फाटकातूनच म्हणाली, “पडून आसा म्हणे गो तुझो बाबा.” मी तिच्या शेजारी राहते. तिने हे पेडण्याकडून ऐकलं होतं.

मी पणजीत एका सरकारी कार्यालयात अभिलेख विभागात काम करते, त्यामुळे ‘पडून’ हा माझा रोजच्या वापरातला शब्द आहे. आमच्याकडे फायली पडून असतात. त्यांना कुणी ठेवलेलं नसतं, कुणी विसरलेलं नसतं. त्या आपोआप पडतात आणि आपोआप पडून राहतात, जसं काही फणस आहेत. माझ्या मामाचे पाळी गावात खाणीवर तीन ट्रक होते. खाणी बंद झाल्या तेव्हापासून ते पडून आहेत. एकाच्या टपावर वेल चढली आहे आणि मामा तिची कारली खातो. आत्याची काजूची टेकडी पेडण्यात पडून होती, ती पडून आहे हे दिल्लीच्या माणसाला कसं कळलं कोण जाणे, आता तिथे कुंपण आहे. या शब्दाची मोठी सोय अशी, की तो उच्चारला की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. फाईल कुणी अडवली, खाण कुणी बंद पाडली, टेकडी कुणी विकली, हे सगळे प्रश्न ‘पडून’ म्हटलं की मिटतात. वस्तूच्या अंगचाच तो गुण असल्यासारखं वाटतं.

माझ्या बाबांबद्दल तो मी वापरला होता. सात-आठ दिवसांत त्याचा परिणाम दिसायला लागला. इस्पितळात वॉकर धरून दोन पावलं टाकलेला माणूस घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून झोपायला लागला. उठवायला गेलं की म्हणायचे, “रवंदी गो. माझां आता जालां.” राहू दे, माझं आता झालं.

आणि माणसं भेटायला येत होती. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणं हे कर्तव्य आहे. त्याचा ठरलेला ऐवज म्हणजे बिस्किटांचा पुडा आणि चार सफरचंदं. खाटेभोवती खुर्च्या मांडल्या जात. ओळखीत कुणाकुणाचा खुबा मोडला आणि त्यातले कोण कोण नंतर किती दिवसांत गेले, याची उजळणी होई. निघताना प्रत्येक जण आशीर्वाद दिल्यासारखा बाबांच्या पायावर हात ठेवून म्हणे, “आता उठू नका हां. सगळा जन्म राबलात. पडून राहा.” बाबा डोळे मिटून मान हलवत. सफरचंदं मला खावी लागत.

एका रविवारी मी जाहीर केलं, की या घरात हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. आत्या त्या दिवशी आलेली होती. तिने विचारलं, “मग लोकांक काय सांगू?”

“सांग, व्यायाम चालू आहे.”

“खंय चालू आसा?” आत्या खाटेकडे बघत म्हणाली.

तो प्रश्न रास्त होता. व्यायाम चालू करायला मला माणूस हवा होता आणि तो घरातच मिळाला. आमच्या मागच्या खोलीत कोल्हापूरकडचा एक तिशीचा माणूस भाड्याने राहतो. औद्योगिक वसाहतीत पॅकिंगच्या मशीनवर काम करतो. त्याची पाळी दुपारी सुरू होत असल्याने सकाळी मोकळा असतो. तो बाबांना मामा म्हणतो. बाबा त्याला कोल्हापूर म्हणतात, जसं काही तो एकटाच तिथून आलाय. डॉक्टरांचा कागद त्याने दोन मिनिटं बघितला आणि घडी करून खिशात घातला.

“उठा मामा. आमच्या म्हशी बी तुमच्यापेक्षा लवकर उठत्यात.”

“म्हशीचो खुबो मोडूंक ना.”

“मोडला तरी उठत्यात. नाय उठली तर काय करत्यात ते सांगू का?”

बाबा उठून बसले. हे तंत्र कुठल्याही कागदावर नव्हतं.

पण बसण्याच्या पुढे गाडी जाईना. वॉकर धरून उभे राहायचे, कोल्हापूर मोठ्याने आकडे मोजायचा, आठ-नऊच्या आसपास उजवा पाय थरथरायला लागायचा आणि बाबा धपकन खाटेवर. पाय थरथरला की त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते दुखणं नव्हतं. सबंध आयुष्य ज्या पायाने चिखलात बांधावरून बांधावर उड्या मारल्या, तो पाय दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखे ते त्याच्याकडे बघत.

तशात व्हीलचेअर आली. ज्येष्ठांची सेवा करणारी एक संस्था आहे. तिचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, दोन सदस्य आणि एक फोटो काढणारा असे सहा जण एका खुर्चीबरोबर आले. सोबत फलक, शाल आणि नारळ. तो दिवस बरा होता. बाबा खाटेच्या कडेला पाय सोडून बसले होते आणि पाव-भाजी खात होते. फलक जनेलाच्या गजांना बांधला गेला, त्यामुळे खोलीतला उजेड गेला. अध्यक्षांनी खिशातून कागद काढला आणि ‘अंथरुणाला खिळलेल्या आपल्या या बंधूला’ इथून सुरुवात केली. अंथरुणावरच्या बंधूच्या हातात तेव्हा पावाचा तुकडा होता.

फोटोवाला म्हणाला, “काका, जरा आडवे होता का? असं बसल्यावर ते फोटोत कळत नाही.”

बाबा आडवे झाले. लगेच. पाव बशीत ठेवला, हात पुसले आणि आडवे होऊन गळ्यापर्यंत चादर ओढून घेतली. मला सहा जणांचा राग आला नाही. त्यांचा तो छंद आहे. पण बाबा इतक्या सहज आडवे झाले, त्याचा आला.

ती माणसं गेल्यावर लक्षात आलं, की व्हीलचेअर आमच्या उंबरठ्यावरून आत येत नाही. ती सोप्यावरच राहिली. पहिल्या आठवड्यात तिच्यावर टॉवेल वाळत घातले जाऊ लागले. बाबा तिला ‘चाकांची कदेल’, म्हणजे चाकांची खुर्ची, म्हणत आणि तिच्याकडे बघत नसत.

जून अर्धा झाला. पाऊस लागून दहा-बारा दिवस झाले होते, आणि डॉक्टरांच्या दीड महिन्यातला आठवडा उरला होता. बाबा खाटेपासून जनेलापर्यंत चार पावलं जात आणि चार पावलं येत. तेवढंच. सगळ्यांनी मला सांगायला सुरुवात केली, की यंदा शेत पडून राहू दे. बंदी शेताला लागू नाही, असा त्यांचा समज असावा. मी त्याच दिवशी ठरवलं, की शेत करायचं.

आमचं शेत नदीला लागून आहे. पाच कुणगे, म्हणजे बांधांनी वेगळे केलेले पाच तुकडे, आणि जमीन खारट. तिथे कोरगूट नावाचं भात होतं, ते खारटपणाला भीत नाही. पावसाने मीठ खाली धुऊन नेलं की शेतातलं पाणी ओहोटीच्या वेळी नदीत सोडायचं आणि उघड्या पडलेल्या चिखलावर मोड आलेलं बी फेकायचं. पाणी सोडण्यासाठी बांधात एक लहान दार आहे. दगडी खोबणीत एकावर एक बसवलेल्या फळ्या. त्याला आम्ही मानस म्हणतो. ओहोटीला फळी काढायची, भरती यायच्या आत परत लावायची. एवढं सोपं काम, असं मला पन्नास वर्षं वाटत आलं होतं, कारण ते बाबा करत होते.

बी मी भिजवलं. गोणपाटात बांधून वर गवत आणि दगड ठेवले. दुसऱ्या दिवशी बाबा खाटेवरून म्हणाले, “गोणी परत. खालचां तापलां.” वासावरून. मी गोणी उलटी केली, खालचं बी खरंच तापलं होतं. तिसऱ्या दिवशी मोड आले. मोड आलेलं बी दोन दिवसांच्या आत चिखलात जायला हवं, नाहीतर ते गोणीतच एकमेकांत गुंतून सडतं.

मी रजा टाकली. मोबाईलवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक मिळतं, पणजीचं. त्यात लिहिलं होतं, की सकाळी साडेसहाला भरती पूर्ण, मग ओहोटी. मी हिशोबाने आणखी दीड तास दिला आणि आठ वाजता कोल्हापूरला घेऊन मानशीवर गेले. नदी भरलेली दिसत होती. पण मोबाईल म्हणत होता ती उतरते आहे, आणि मी शिकलेली बाई आहे. वरची फळी हलवून बघितली, ती मला ढिली वाटली. आम्ही दोघांनी ती उपसली.

नदी आत आली.

शेतातलं पाणी बाहेर जायच्या ऐवजी नदीचं पाणी एवढ्या शांतपणे आत आलं, जसं काही त्याला बोलावणं होतं. फळी परत बसेना. पाण्याचा दाब तिला तिरकी करत होता. कोल्हापूर कपड्यांसकट खोबणीत उतरला, फळीवर उभा राहिला आणि कुणाला कळणार नाहीत अशा त्याच्या गावच्या शिव्या देत तिला इंच इंच खाली दाबत राहिला. ती बसली तेव्हा खालचे दोन कुणगे पोटरीभर पाण्याखाली होते. मी बोटाने पाणी चाखून बघितलं. खारट. फार नाही, पण खारट.

घरी येऊन बाबांना सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता, कोल्हापूरच्या अंगावरून चिखल ठिबकत होता.

“कितें वाजता काडली फळी?”

“आठ वाजता. मोबाईलवर—”

“मोबायल खंयचो?”

“पणजीचा.”

बाबा छताकडे बघत म्हणाले, “पणजेची भरती पणजेक. हांगा पावता मेरेन वाटेर च्या घेता ती.” इथे पोचेपर्यंत ती वाटेत चहा घेते. पणजीहून नदीतून वर येईपर्यंत भरतीला वेळ लागतो, नार्व्याला ती उशिरा येते आणि उशिरा जाते, हे मला माहीत असायला हवं होतं. मी तीस वर्षं त्याच पणजीहून बसने येते आणि मीही उशिराच पोचते.

“मग तुम्ही कशावरून ठरवता?” मी विचारलं. “खूण सांगा, उद्या मी बघते.”

“खूण ना. फळयेर पाय दवरतां.” ते फळीवर पाय ठेवतात. नदी वर असेतो फळी खोबणीत ताणलेली असते, बारीक थरथरते. दोन्ही बाजूंचं पाणी सारखं झालं की ती थरथर थांबते. तेव्हा काढायची.

“मला ती ढिली वाटली.”

“तुका ती ढिली जावंक जाय आशिल्ली,” बाबा म्हणाले. “देखून दिसली.” मला ती ढिली व्हायला हवी होती, म्हणून तशी वाटली.

त्यांच्या बोलण्यात दया नव्हती. गेल्या दीड महिन्यात पहिल्यांदाच कुणी या खोलीत कुणावर दया दाखवत नव्हतं. ते हातांवर जोर देऊन स्वतः उठून बसले. बोटांवर काहीतरी मोजलं, तिथी असावी. संध्याकाळची ओहोटी अंधारात पडेल, पाय घसरेल, असं म्हणाले. उद्या सकाळची घ्यायची. बी उद्यापर्यंत टिकेल, त्यावर थंड पाणी शिंपड. मग म्हणाले, “कोल्हापूर, फाल्यां साडेणवांक म्हाका थंय व्हर.”

“न्हेतो की. उचलून न्हेतो.”

“उचललो जाल्यार भाडें वाडयतलों.”

आमच्या घरापासून मानस धडधाकट माणसाला चार मिनिटांवर आहे. बांधावरून पंचायतीने सिमेंटचा पट्टा घातला आहे. त्याच्या उद्घाटनाची पाटी पट्ट्यापेक्षा रुंद आहे, पण तो सपाट आहे हे मान्य केलं पाहिजे. सकाळी वॉकर घेऊन बाबा सोप्यावर आले आणि पहिल्याच उतारावर वॉकरचे पाय चिखलात रुतले. बाबा थांबले. मला वाटलं, आता परत आत. त्यांनी व्हीलचेअरकडे बघितलं, ती आल्यापासून पहिल्यांदा.

“ती गोणी हिच्यार दवर,” ते म्हणाले.

मोड आलेल्या बियाण्याची गोणी खुर्चीत ठेवली. ओझ्याने ती जड झाली, स्थिर झाली. बाबांनी वॉकर माझ्याकडे दिला आणि खुर्चीच्या मागच्या दोन मुठी धरल्या. कोल्हापूरने पुढच्या दांडीला दोरी बांधली आणि तो बैलापुढे चालावं तसा पुढे झाला, ओढायला नाही, खुर्ची पळाली तर अडवायला. आणि माझे बाबा बियाण्याला व्हीलचेअरमध्ये बसवून ढकलत शेतावर निघाले.

चार मिनिटांना पाऊण तास लागला. दहा पावलं, थांबायचं. पाय थरथरायचा, थांबायचा. शेजारीण फाटकाशी आली आणि म्हणाली, “रे, तू पडून आशिल्लो न्हय?” बाबांनी तिच्याकडे न बघता उत्तर दिलं, “वेळ ना गो. पाणी वता.” वेळ नाही, पाणी चाललंय. मला तिला आत जाऊन आत्याला फोन करायला सांगावंसं वाटलं. ती आधीच गेली होती.

मानशीवर बाबा फळीवर पाय ठेवू शकले नाहीत. तेवढं खाली वाकणं अजून जमणार नव्हतं. त्यांनी आईची जुनी काठी मागवली होती. आईला जाऊन सहा वर्षं झाली, काठी कोपऱ्यात होती. काठीचं टोक फळीवर टेकवलं, वरचं टोक तळहातात धरलं आणि डोळे मिटले. खाटेवर मिटायचे तसे नाही. मोबाईल माझ्या खिशात होता, त्याच्या मते ओहोटी केव्हाच सुरू झाली होती. बाबांनी काही केलं नाही. खूप वेळ. नदी जात आहे असं मला अजिबात दिसत नव्हतं.

“आतां.”

कोल्हापूरने फळी उपसली. ती लोण्यातून काढावी तशी वर आली आणि शेतातलं पाणी नदीत जाऊ लागलं.

बी त्या दुपारी पेरलं गेलं, वरच्या तीन कुणग्यांत. पेरणारे कोल्हापूर आणि मी. बाबा रिकाम्या व्हीलचेअरमध्ये बसून आमच्या चुका मोजत होते. चिखल दाखवून एकदा म्हणाले, “कोंबड्यांक घालता तशें मारूं नाका.” परतताना ते चालू शकले नाहीत. मी खुर्ची ढकलली. उंबरठ्याशी मात्र त्यांनी ती थांबवायला लावली आणि आत स्वतःच्या पायांनी गेले, दाराची चौकट, मग खाट, मग मेज, असं धरत धरत. कुणी सांगायच्या आत बाबा खाटेऐवजी मेजापाशी बसले आणि त्यांनी जेवण मागितलं.

डॉक्टरांकडे गेलो तेव्हा दीड महिन्याला तीन दिवस जास्त झाले होते. बाबा वॉकरने त्यांच्या खोलीत चालत गेले. डॉक्टरांनी विचारलं, व्यायाम कोणता केलात. बाबांनी सांगितलं ते डॉक्टरांनी कागदावर लिहिलं नाही.

ते आजही लंगडतात. खालच्या बांधापर्यंत उतरता येत नाही आणि बहुधा येणारही नाही. त्यांनी फळी हातात घेतली नाही, पण मला आणि कोल्हापूरला काठीने ऐकायला शिकवलं. मला दहातून सहा वेळा जमतं, त्याला नऊ वेळा, आणि तो हे सगळ्यांना सांगतो.

खालच्या दोन कुणग्यांतलं खारं पाणी गेलं, पण मीठ मागे राहिलं. घरात उरलेलं थोडं कोरडं बी भिजवून तिथेही फेकून बघू, असं मी म्हणत होते. हट्टच होता तो. एकदा ठरवलं की मला थांबता येत नाही. बाबा सोप्यावर बसून त्या दोन तुकड्यांकडे बघत होते.

“नाका,” ते म्हणाले. “ते औंदू पडून दवरतां हांव.”

बंदी मोडली होती, आणि ज्याच्यासाठी घातली त्यानेच. मी त्यांच्याकडे बघितलं. यंदा ते मी पडून ठेवतो, असं ते म्हणाले होते. कुणी ठेवलं, किती दिवस ठेवलं, सगळं त्या वाक्यात होतं. मीठ उतरायला एक पावसाळा लागतो, त्यात घाई चालत नाही, असंही त्यांनी सांगितलं, माझ्यासारख्या फायलीवाल्या बाईला समजेल अशा आवाजात.

“आणि पुढच्या वर्षी?”

“फुडल्या वर्सा पेरतलों,” बाबा म्हणाले, आणि व्हीलचेअरवरचे टॉवेल काढून ठेव, तिच्या चाकांना तेल घाल, असं मला सांगून काठी टेकत आत गेले.